साडेतीनशेची रेघ

५ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

मामाचं पत्र आलं म्हणजे मामाचं कुठेतरी अडलंय, हे तू पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असशील. बरोबर ओळखलंस. पण आधी हकिकत ऐक.

गेल्या महिन्यात कारखान्यात डॉक्टरबाई आल्या आणि आम्हा सगळ्यांना तपासून गेल्या. सगळे म्हणजे आता तिघंच उरलोय. माझ्या हातात त्यांनी एक प्लॅस्टिकची नळी दिली आणि म्हणाल्या, "जोरात फुंका." मला! छत्तीस वर्षं प्रयोगशाळांसाठी काचेचे चंबू फुंकणाऱ्या माणसाला! मी म्हटलं, "बाई, जरा लांब उभ्या राहा." आणि फुंकलं. नळीवर आकडे असतात आणि फुंकरीने एक काटा पुढे सरकतो. तो चारशेलासुद्धा पोचला नाही. बाईंनी तीनदा फुंकायला लावलं आणि तिन्ही वेळा नुसतं "हं" म्हणाल्या. डॉक्टरचं "हं" मला कधीच आवडलेलं नाही.

तर आता हुकूम असा आहे. रोज सकाळी फुंकायचं आणि आकडा लिहून ठेवायचा. साडेतीनशेच्या वर आहे तोवर काम चालू. सलग तीन दिवस खाली गेला, की भट्टीपासून लांब आणि तडक दवाखान्यात. हे त्यांनी मामीसमोर सांगितलं. हा खरा दुष्टपणा.

मामीला आकड्यांची वही नको, चित्र हवंय. लायब्ररीत दिवसभर अक्षरंच बघते ना. "दर रविवारी फ्रिजवर चार्ट लाव. निळी रेघ लाल रेघेच्या वर दिसली, की मी एक शब्द बोलणार नाही," असा आमचा करार झालाय. निळी म्हणजे माझी फुंकर. ती मला जमली. लाल म्हणजे साडेतीनशेची आडवी रेघ. ती काही केल्या चार्टमध्ये येत नाही. शेवटी छापलेल्या कागदावर पट्टी ठेवून लाल पेनने ओढली, तर मामी म्हणाली, "ही वाकडी आहे." छत्तीस वर्षांत माझ्या रेघेला कोणी वाकडं म्हटलं नव्हतं.

तू दिवसभर ऑफिसात चार्टच करतेस, तेव्हा सविस्तर लिही. फोनवर नको. फोनवर माझ्या डोक्यात काही राहत नाही, आणि हल्ली मध्येच खोकला येतो.

आणि तू येणार होतीस, त्याचं काय झालं?

तुझा,
मामा


१२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पाकीट बघूनच ओळखलं. तिकीट इतकं काटकोनात चिकटवणारा माणूस आपल्या घराण्यात एकच आहे.

रेघ अगदी सोपी आहे. ए रकान्यात तुझ्या तारखा आहेत आणि बी मध्ये फुंकरी. आता लांब एका कोपऱ्यात, समज एफ-१ या सेलमध्ये, ३५० लिही. मग सी रकान्यात, प्रत्येक तारखेसमोर, =$F$1 असं भर. डॉलरची चिन्हं विसरू नकोस. ती खुंटीसारखी असतात, खाली ओढताना सेलचा पत्ता सुटू देत नाहीत. सी मध्ये वरपासून खालपर्यंत ३५० दिसायला लागेल. आता चार्टवर उजवी टिचकी मार, डेटा निवडताना सी रकानाही घे आणि रंग लाल कर. झाली तुझी रेघ. मामीला म्हणावं, आता काढ खोट.

चारशेच्या खाली हे वाचून मात्र मला अजिबात हसू आलं नाही. करार नीट पाळ.

मी मार्चअखेर येते. आत्ता ऑफिसात वार्षिक अहवाल चाललाय आणि आमच्या साहेबबाईंना प्रत्येक चार्ट चार रंगांत करून हवाय.

तुझी,
ठमी


२० फेब्रुवारी

प्रिय ठमे,

रेघ आली! फ्रिजवर लागली! मामीने चष्मा लावून पाहिली, चष्मा काढून पाहिली, आणि करारानुसार एक शब्द बोलली नाही. असा रविवार लग्नानंतर पहिल्यांदाच आला.

आकडा ३८० च्या आसपास आहे. काम जोरात चाललंय. एका कॉलेजचे चाळीस लांब मानेचे चंबू करायचेत. लांब मान मशीनला जमत नाही, निदान आमच्या मालकांच्या मशीनला तरी नाही. त्याला माणसाचीच फुंकर लागते. बाकीचे दोघं नळ्या कापतात आणि जोडतात. फुंकणारा मी एकटा.

एक शंका आहे. ही लाल रेघ हलवता येते का? म्हणजे दर वेळी कोपऱ्यात जाऊन आकडा खोडून नवा लिहायचा नाही, तर हाताने धरून वर-खाली करायची. उद्या डॉक्टरबाईंनी मर्यादा बदलली तर? मी जन्मभर मोजपात्रांवर रेघा कोरल्या, ठमे. काचेवरची रेघ एकदा कोरली की कोरली. तुमच्या संगणकात तरी काही सोय असेल.

तुझा,
मामा


२७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

शाब्बास! साठीच्या माणसाने असा प्रश्न विचारावा, आणि आमच्या ऑफिसातल्या पंचविशीतल्यांना चार्टचं शीर्षक बदलता येऊ नये. तुझं पत्र मी शेजारच्या टेबलावर वाचून दाखवलं.

हलवता येते. रेघ थेट धरायची नाही, तिला एक सरकपट्टी जोडायची. वरच्या मेन्यूत 'डेव्हलपर' नावाचा टॅब दिसत नसेल, तर आधी सेटिंगमध्ये जाऊन त्याच्यासमोर टिक कर. मग 'इन्सर्ट'मधून स्क्रोलबार घे आणि चार्टच्या बाजूला उभा काढ. त्याच्यावर उजवी टिचकी मारून 'फॉरमॅट कंट्रोल' उघड. तिथे तीन गोष्टी भरायच्या. किमान ०, कमाल ७००, आणि 'सेल लिंक'मध्ये आपला कोपऱ्यातला एफ-१. आता पट्टी सरकवलीस की एफ-१ मधला आकडा बदलेल, त्याच्यामागे सी रकाना, आणि त्याच्यामागे रेघ. करून बघ, मजा येते. मी पहिल्यांदा केलं तेव्हा पाव तास नुसती वर-खाली करत बसले होते.

मार्चअखेरचं जरा कठीण दिसतंय. एप्रिलमध्ये नक्की.

तुझी,
ठमी


८ मार्च

प्रिय ठमे,

पट्टी बसली, पण तिचं डोकं फिरलंय. खाली ओढली की रेघ वर जाते, वर ओढली की खाली. मी खाली न्यायला गेलो आणि रेघ थेट पाचशेवर जाऊन बसली. तेवढ्यात मामी खोलीत आली. मी घाईघाईत चार्ट बंद केला आणि हवामान बघू लागलो. मला हवामानात एवढी गोडी कधीपासून, असं तिने विचारलं.

दुसरं असं, की डावीकडे ते १००, २००, ३०० असे आकडे येतात, ते काढता येतात का? चित्र फार गिचमिड दिसतं. मामीला एवढ्याशा आकड्यांचा त्रास होतो. दोन रेघा दिसल्या की पुरे.

चंबूंपैकी सव्वीस झाले. मान ओढताना एक दम पुरत नाही, मध्ये थांबावं लागतं. थांबलं की काच जाड राहते आणि पुन्हा तापवावी लागते. वय झालं, दुसरं काय.

तुझा,
मामा


१५ मार्च

प्रिय मामा,

डोकं पट्टीचं फिरलेलं नाही. उभ्या स्क्रोलबारमध्ये वरचं टोक किमान आणि खालचं टोक कमाल असतं. कोणी ठरवलं देव जाणे. तू उभा स्क्रोलबार काढून टाक आणि चार्टच्या खाली आडवा काढ. मग डावीकडे कमी, उजवीकडे जास्त, सगळं सरळ.

आकडे काढायचे तर त्यांच्यावर एकदा टिचकी मारून डिलीट. आणि तुझं अगदी पटलं. शाई कमी, अर्थ जास्त! हेच मी साहेबबाईंना गेली तीन वर्षं सांगतेय. तुला चार्टची नजर आहे, मामा. कुठे तिकडे आगीजवळ बसलास आयुष्यभर.

मात्र दम पुरत नसेल तर सावकाश कर. कॉलेज कुठे पळून जात नाही.

मी एप्रिलअखेर येते, फार तर मेच्या सुरुवातीला.

तुझी,
ठमी


२ एप्रिल

प्रिय ठमे,

चंबू छत्तीस झाले, चार राहिले. प्रकृती उत्तम. फ्रिजवर सलग सहा रविवार निळी रेघ वर.

काम एवढंच, की नव्या महिन्याच्या तारखा चार्टमध्ये येईनात. एकतीस मार्चलाच चार्ट संपतो. मी काहीतरी ओढताण केली आणि आता लाल रेघ निम्म्यातच तुटते. फाईल मेलने पाठवतोय. तेवढं दुरुस्त करून लगेच परत पाठव, रविवारच्या आत. बाकी कशाला हात लावू नकोस.

तुझा,
मामा

ता. क. ठमे, हे मी, मामी, लिहितेय. पत्र टाकायला निघाले होते, पाकीट उघडंच होतं. तुझ्या त्या चार्टने माझा जीव फार हलका केला गं. हे रात्री खोकतात तेव्हा मला झोप लागायची नाही. आता उठून स्वयंपाकघरात जाते, निळी रेघ लाल रेघेच्या वर आहे हे बघते आणि येऊन निवांत झोपते. एवढं तुला सांगायचं होतं.


६ एप्रिल

मामा,

'प्रिय' मुद्दाम लिहिलेलं नाही.

फाईल उघडली. तारखांची दुरुस्ती दोन मिनिटांत झाली. मग माझी नजर कोपऱ्यातल्या एफ-१ वर गेली. तिथे २९० आहे.

म्हटलं, तुझी बोटं चुकली असतील. म्हणून बी रकाना वरून खाली वाचला. ३९५, ३८५, ३६०. अकरा मार्चला ३४५. त्यानंतर एकदाही साडेतीनशेच्या वर नाही. शेवटचा, दोन एप्रिलचा आकडा ३०५. सलग तीन दिवस म्हणाल्या होत्या ना बाई? तेवीस दिवस झाले, मामा!

नाचता येईना, अंगण वाकडं, असं म्हणतात. तू तर अंगणच रोज थोडं थोडं खाली खणत गेलास. आणि कुदळ कोणी दिली? मी. पट्टी मी शिकवली. उलटी चालते म्हणालास तर खाली न्यायची सोय मी करून दिली. आकडे काढू का म्हणालास, तर 'शाई कमी, अर्थ जास्त' म्हणून मी तुझी पाठ थोपटली. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच, आणि माकड कोण नि कोलीत देणारं कोण हे मी आज सकाळपासून ऑफिसच्या जिन्यात बसून ठरवतेय. मला तुझा राग आलाय, आणि त्याहून जास्त माझा.

तुला एक गोष्ट आठवते का? मी दहा वर्षांची होते आणि सुट्टीत तुझ्या कारखान्यात आले होते. तू मला एक नवं कोरं मोजपात्र दिलंस, पाणी भरून खेळायला. मग काय वाटलं कोण जाणे, परत घेतलंस, उजेडात धरलंस, त्यात पाणी ओतून तोललंस. पन्नासची रेघ केसभर वर कोरली गेली होती. तू ते माझ्यासमोर फोडलंस. मी रडले. म्हटलं, "मामा, मला खेळायलाच तर हवं होतं, असू दे ना चुकीची." तेव्हा तू म्हणालास, "खोट्या रेघेपेक्षा रेघच नसलेली बरी. रेघ नसली की माणूस विचारतो तरी. रेघ असली की तो विश्वास ठेवतो."

मामी विश्वास ठेवून झोपतेय, मामा. तिने तुझ्या पत्राखाली चार ओळी लिहिल्या होत्या. तू पाकीट तिच्याकडे दिलंस, पण ते चिकटवायला विसरलास.

फोन करणार होते. पण फोनवर तू हसतोस, विषय बदलतोस, मग खोकतोस, आणि मी गप्प बसते. म्हणून हे कुरियरने पाठवतेय, उद्या मिळेल. फाईल आत्ताच मेल केली आहे. त्यात तारखा नीट केल्या, डावीकडचे आकडे परत आणले आणि पट्टीची किमान मर्यादा बदलली. रेघ अजूनही हलते. वर हवी तेवढी ने. साडेतीनशेच्या खाली येत नाही. शीटला कुलूप घातलंय, पासवर्ड विचारू नकोस.

परवा संध्याकाळी सहा वाजता मी मामीला फोन करणार आहे. तोवर तिला तू स्वतः सांगितलेलं असू दे. तुझ्या तोंडून कळलं तर ती रागावेल. माझ्या तोंडून कळलं तर तिचं मन मोडेल.

मला तू हवा आहेस. चंबू नाहीत झाले तरी चालतील.

ठमी


१९ एप्रिल

प्रिय ठमे,

मी 'प्रिय' लिहितोय. मला तेवढा अधिकार अजून आहे.

तुझी फाईल आधी आली, पत्र नंतर. त्यामुळे मला काही कळेचना. चार्ट उघडला तर लाल रेघ वर, आणि माझी निळी रेघ महिनाभर तिच्या खाली. सवयीने पट्टी डावीकडे ओढली. अडली. पुन्हा ओढली. माउस आपटला. तुला दोन शिव्या घातल्या, त्या इथे लिहीत नाही. उजवी टिचकी मारली तर कुलूप. मग मी तसाच खुर्चीत बसून राहिलो आणि त्या चित्राकडे पाहिलं. खरं सांगतो, पहिल्यांदाच पाहिलं. इतके दिवस मी रेघ सरकवायचो, छापायचो आणि बंद करायचो.

मागे मामी कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. हवामान उघडायला वेळच मिळाला नाही. मी सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फ्रिजवरचे कागद एकेक काढले, घडी घालून पर्समध्ये ठेवले आणि म्हणाली, "चप्पल घाल." कुरियरवाला तुझं पत्र घेऊन आला तेव्हा आम्ही दाराला कुलूप लावत होतो. ते मी दवाखान्याच्या बाकावर वाचलं. मामीनेही वाचलं. शेवटची ओळ तिने दोनदा वाचली.

सहा दिवस ठेवलं होतं. श्वासनळ्या आतून सुजल्यात. बाई म्हणाल्या, आणखी एक महिना असाच गेला असता, तर जे आत्ता भरून येतंय ते आलं नसतं. आता दोन वेळा औषध ओढायचं असतं. घरी आलो त्या दिवशी ३३०. आज ३५५. खऱ्या रेघेच्या वर, पाच का होईना.

मी असं का केलं हे तू विचारलं नाहीस, पण सांगतो. मला भीती वाटत होती. मरणाची नाही गं, तेवढा विचारच मी केला नव्हता. फुंकनळी एकदा खाली ठेवली की पुन्हा कोणी हातात देणार नाही, याची. चाळीस चंबू होऊ देत, मग जातो, असं रोज म्हणायचो. चाळीस झाले असते तर पन्नास म्हटलं असतं. झाकली मूठ म्हणतात ना, ती मी माझ्यापासूनच झाकली होती.

फुंकणं आता सहा महिने बंद. बाई 'सहा महिने' म्हणाल्या तेव्हा खिडकीकडे बघत होत्या, त्यावरून कायमचंच समजायचं. त्या दिवशी घरी येऊन मी रडलो. लिहून टाकलं, आता मोकळं वाटतंय. उरलेले चार चंबू कॉलेजने दुसरीकडून घेतले आणि जग आहे तसंच चालू आहे, हेही कळलं.

मालक मात्र भेटायला आले आणि म्हणाले, "मोजपात्रांवर रेघा कोण कोरणार? एवढा डोळा कोणाचाच नाही." त्यामुळे परवापासून मी मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर. भट्टी तिथून लांब आहे. पहिल्याच दिवशी दोन मोजपात्रं फोडली. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. माझे कान एका चार्टवालीने टोचले.

आता दुसरी गोष्ट. फाईल सोबत मेल केली आहे, ती उघड. तुझं कुलूप आहे तिथेच आहे, मी शेजारी नवी शीट केली. त्यात तुला एक उभी रेघ दिसेल, हिरवी. ही मी एकट्याने काढली, दोन दुपारी घालवून. डी नावाचा एक रकाना केला. ठरलेल्या तारखेसमोर त्यात ७०० आणि बाकी सगळीकडे रिकामं. त्याचा खांब काढला आणि इतका बारीक केला की रेघ वाटावी. खाली आडवी पट्टी आहे. ती सरकवली की रेघ एकेक दिवस पुढे-मागे जाते. करून बघ, मजा येते.

ही तू यायच्या दिवसाची रेघ आहे. तुझी सगळी पत्रं समोर घेऊन बसलो होतो. आधी ती मार्चअखेर होती. मग एप्रिलमध्ये नक्की. मग एप्रिलअखेर, मग मेच्या सुरुवातीला. रेघा सरकवण्यात मी एकटाच वाकबगार नाही आपल्याकडे. मी निदान चोरून सरकवत होतो, तू तर टपालाने कळवून सरकवत होतीस.

तेव्हा आत्ता ती पाच मेवर ठेवली आहे. डावीकडे हवी तेवढी ने. पाच मेच्या पुढे जात नाही. कमाल मर्यादा घातली आहे आणि कुलूपही. पासवर्ड विचारू नकोस.

तुझा,
मामा


२४ एप्रिल

प्रिय मामा,

उजवीकडे ओढून पाहिली. अडली.

साहेबबाईंना तुझी फाईल दाखवली. त्यांनीही ओढून पाहिली. मग म्हणाल्या, "जा."

म्हणून डावीकडे ओढली आहे. हे पत्र कुरियरने उद्या मिळेल, मी परवा सकाळी पोचते. दार तू उघड, आणि मी चप्पल काढायच्या आत माझ्यासमोर फुंकून दाखव. आकडा मी वाचणार.

तुझी,
ठमी